मशीनचा पासंग

सोजरबाईच्या हातचं जेवण म्हणजे गोड शिक्षा, हे तिच्याकडे जेवून गेलेला कोणीही सांगेल. "पुरे" हा शब्द त्या बाईच्या कानात शिरतच नाही. तोंडानं कितीही नाही म्हणा, ताटात भाकर पडलीच म्हणून समजा. तिला थांबवायची तऱ्हा एकच. उजवा हात ताटावर आडवा धरायचा आणि भाकर घेऊन आलेला तिचा हात मागं सारायचा, तोही चांगला जोर लावून. तेवढं केलं तर बाई नाक मुरडते, पण भाकर टोपल्यात परत टाकते.

तिच्या नवऱ्याला, जगदेवला, गेल्या चैत्रापासून नेमकं तेवढंच जमत नव्हतं.

चिंचेवरून पडला होता. वय बावन्न, घरात चिंचेचं गाडगं भरलेलं, कोणी सांगितलं नाही की विचारलं नाही, तरी चढला झोडपायला. मानेवर आपटला. अकोल्याच्या दवाखान्यातून महिन्यानं चालत घरी आला हे नशीबच म्हणायचं. पण उजवा हात अजब होऊन बसला. कोपरात वाकायचा आणि सरळ काही व्हायचा नाही. घास तोंडाशी जायचा, पण त्याच हातानं दार लोटायचं म्हटलं की हात नुसता थरथरायचा. डॉक्टर म्हणाले, दंडाची पुढची बेटकुळी जागी आहे, मागचा स्नायू झोपलाय, मेंदूचा निरोप मानेतून उतरताना वाटेत अडकतोय. सोजरबाईनं गावाला हे एका दमात समजावलं: "जवळ घ्याले येते, दूर साराले येत नाई."

डावा हात धडधाकट होता. पण भरल्या ताटावर डावा हात आडवा धरणारा माणूस जऊळक्याच्या पंचक्रोशीत अजून जन्माला यायचाय. म्हणून ती वाढत गेली आणि तो खात गेला.

"अवं, पुरे म्हनलं ना!"

"सारा मंग माहा हात."

"तुले मालूम हाय, सारता येत नाई."

"मंग खा गुमान."

असं रोज चालायचं. शेजारच्यांना वाटे, काय पण बाई, दुखणाइताची थट्टा करते. पण सोजरबाई भाकर ताटावर धरून एक क्षण थांबायची, ते कोणाला दिसत नव्हतं. त्या क्षणात ती त्याच्या कोपराकडे बघायची. आज हलतो का? आज? मग भाकर टाकायची आणि चुलीकडे तोंड करून बसायची.

वाशीमला हातापायांच्या व्यायामाचं एक केंद्र आहे. तिथं वैभवी नावाची मुलगी काम करायची. मुलगी म्हणजे तिशीची, पण सोजरबाईच्या हिशेबानं पोट्टीच. शिकायला नागपूरला होती, तिथूनच संशोधनासाठी ती एक मशीन घेऊन आली होती. डोक्यावर इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी जोडचकती धरायची, 'टक्' असा आवाज व्हायचा, आणि डोक्याला काही न दुखता तिकडे दंड आपोआप उडायचा. दंडाला चिकटवलेल्या पट्ट्यांमधून ते पडद्यावर लाटेसारखं उमटायचं. लाट जेवढी उंच, तेवढा मेंदूचा निरोप स्नायूपर्यंत धड पोचला.

जगदेवच्या मागच्या स्नायूची लाट श्रावणात चार खुणा उंच आली होती. नवरात्र सरल्यावर पुन्हा मोजली तर नऊ.

"काका! नऊ!" वैभवी खुर्चीतून उठलीच.

सोजरबाईनं आधी तिच्या तोंडाकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या कोपराकडे. कोपर होतं तसंच होतं.

जगदेव मात्र जागचा हलला नाही. हा माणूस बावीस वर्षं मंगरूळपीरच्या बाजारात मापारी. लोकांचं सोयाबीन, लोकांची तूर तोलण्यात हयात गेलेली. तराजूच्या जमान्यात शिकला, आता इलेक्ट्रिक काटा आला तरी रोज सकाळी रिकाम्या काट्याकडे आधी बघितल्याशिवाय पहिलं पोतं चढवू द्यायचा नाही.

"म्याडम," तो म्हणाला, "तुमच्या मशीनचा पासंग किती?"

"पासंग?"

"दोन्ही पारडे रिकामे असले तरी काटा जरासा झुकते ना, त्याले पासंग म्हनते. काट्याची आपली सोताची खोट. आता तुमच्या मशीनीत पाच खुनाचा पासंग असंन, तं हे चार अन् नऊ एकच झाले. माह्या दंडात काई वाढलं नाई, काटाच हालला."

वैभवी खाली बसली. थोडा वेळ तिनं जगदेवकडे असं बघितलं, जसं तिच्या कॉलेजातल्या सरांकडेही कधी बघितलं नसेल.

"काका, माझा सगळा अभ्यास एवढ्यावरच आहे," ती म्हणाली. "हे मशीन हाताबद्दल जे सांगतं, त्यावर विश्वास किती ठेवायचा, ते मला शोधायचंय. धडधाकट माणसं घ्यायची. आज मोजायची, आठ दिवसांनी तीच माणसं पुन्हा मोजायची. त्यांच्या दंडात तर आठवड्यात काही बदलत नाही. मग आकडा जेवढा बदलला, तेवढा..."

"तेवढा पासंग."

"तेवढा पासंग!"

"तेच पोतं दोनदा तोलाचं. सरळ गोठ हाय. मंग तोला ना, अडून काय राह्यलं?"

अडलं होतं ते माणसांवर. चाळीस ते साठच्या वयाची, धडधाकट, लागोपाठ दोन मंगळवारी येणारी दहा माणसं तिला मिळत नव्हती. एकदा येतो म्हणणारे पुष्कळ होते. डोक्याला चकती लावणार म्हटल्यावर तेही पुन्हा दिसायचे नाहीत.

परतीच्या गाडीत जगदेवनं आपला निवाडा सांगितला. रोज दोन तास टॉवेलची गुंडाळी टेबलावर पुढं ढकलायचा व्यायाम त्याला दिला होता. घामाघूम व्हायचा आणि गुंडाळी वीतभरही सरकायची नाही. सहा महिने त्यानं केला होता.

"सोजर, आता माह्यानं होत नाई. त्या पोरीनं पासंग काढू दे. पासंगापक्षा माल जास्त भरला तं मी जिंदगीभर टॉवेल लोटीन. नाई भरला तं बंद. मंग मले कोनी काई म्हनाचं नाई."

सोजरबाई खिडकीबाहेर बघत राहिली. हा माणूस हट्टाला पेटला की संपलं, हे तिला लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून माहीत होतं. आणि व्यायाम सुटला तर हात गेला, हे डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलेलं होतं.

जऊळका आलं तेव्हा तिचं ठरलं होतं. दहा माणसं पाहिजेत काय? दहा माणसं तर तिच्या खिशात होती.

सोजरबाई गावातल्या बायांच्या टोळीची मुकादमीण. सोंगणी असो की निंदण, दहा विळ्यांची टोळी, गुत्त्यानं, म्हणजे उक्तं काम घेणारी. शेत बघायचं, दिवस सांगायचे, त्या दिवसात वावर मोकळं करून द्यायचं. अकरा वर्षांत दिलेल्या शब्दाला एक डोकं कमी पडलं नव्हतं. कोणाला ताप आला, कोणाकडे पाहुणे आले, तरी त्या घरातून कोणी ना कोणी विळा घेऊन हजर. सून येईल, नणंद येईल, पण दहा म्हणजे दहा. शेतमालक धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभा राहून डोकी मोजायचा आणि समाधानानं घरी जायचा.

सोयाबीन निघालं होतं, तूर फुलावर होती, बाया रिकाम्या होत्या.

"दहा बाया, दोन मंगळवार," तिनं वैभवीला फोनवर सांगितलं. "हा गुत्ता माहा. तू फिकर नोको करू."

पहिल्या मंगळवारी त्या केंद्रात जत्रा भरली. वैभवीनं एकेकीला कागद भरून घेतला. फिट येते का, डोक्यात धातूची पट्टी आहे का, दिवस गेलेत का. हा शेवटचा प्रश्न सगळ्यांत थोरल्या गोमतीबाईला, तिची पंचावन्न उलटलेली, विचारल्यावर जो हशा उठला तो बाहेर रस्त्यावर ऐकू गेला असेल. मग अटी सांगितल्या. आदल्या दिवशी जड काम नाही. रात्री नीट झोप. दोन्ही वेळा तीच वेळ, तीच खुर्ची. आणि मोजायच्या आधी दोन तास चहा नाही.

"च्या नाई?" गोमतीबाई हबकली. "मंग मेंदू उठंन कसा वं पोरी?"

"मी उठवते ना, काकू."

"अन् याच्यात मनातलं तं दिसत नाई ना? माह्या सुनेबद्दल?"

"फक्त दंड दिसतो."

"मंग ठीक हाय."

प्रत्येकीच्या डोक्यावर घट्ट कापडी टोपी चढली. वैभवी टेपनं डोकं मोजायची, चकती इकडे तिकडे सरकवायची, आणि जिथं टक् केल्यावर मागचा स्नायू सगळ्यांत चांगला उडतो, त्या जागी टोपीवर पेनानं खूण करायची. मग टोपीवर क्रमांक टाकून पिशवीत. पुढच्या मंगळवारी तीच टोपी, तीच खूण. एक नंबर खुद्द सोजरबाई. सात नंबर हेमला, जिचा दंड असा उडाला की बाजूच्या बाईच्या हातातली पिशवी खाली पडली. "पाहा वं, न सांगता काम करून राह्यला माहा हात!" असं ओरडत ती खुर्चीतच हसत सुटली आणि वैभवीला पाच मिनिटं थांबावं लागलं.

दुसऱ्या सोमवारी संध्याकाळी हेमला दारात.

"सोजरबाई, उद्या जमत नाई वं. पोरीले पाहाले पावने येऊन राह्यले मंगरूळवरून. सकायीच येते म्हने. मी घरी नसली तं कसं दिसंन?"

आता दुसरी कोणी असती तर वैभवीला फोन लावून मोकळी झाली असती. सोजरबाईच्या डोक्यात मात्र अकरा वर्षांची सवय. तिनं एका क्षणात हिशेब जुळवला. हेमलाची सख्खी बहीण नीता त्याच घरात, हेमलाच्या धाकट्या दिराला दिलेली, म्हणजे बहीणही आणि जाऊही. वयात दोन वर्षांचं अंतर. नाक तेच, बांधा तोच, हसणंही तेच.

"नीताले धाड. तुही मांगच्या मंगळवारची हिरवी साडी नेसून धाड म्हंजे झालं."

आणि खरंच झालं. वैभवी सकाळपासून मशीनशी झुंजत होती, सोजरबाई सोडली तर या बायांना तिनं आयुष्यात एकदाच पाहिलं होतं. "सात नंबर, तब्येत बरी ना? काही बदल नाही?" एवढं तिनं विचारलं. नीतानं मान हलवली. सात नंबरची टोपी चढली, टक् टक् झालं, सात नंबरची खुर्ची रिकामी झाली. दहा डोकी भरली. सोजरबाई गुत्ता फेडल्याच्या आनंदात सगळ्यांना स्टेशनाबाहेर चहा पाजून घेऊन आली.

चार दिवसांनी फोन वाजला. जगदेव जेवायला बसलेला, सोजरबाईच्या हाताला पीठ, म्हणून तिनं कोपरानं स्पीकर चालू केला.

"काकू," वैभवीचा आवाज पार पडलेला. "हिशेब झाला. पासंग सहा खुणांचा आला."

जगदेवचा घास हातातच राहिला. चारावरून नऊ म्हणजे वाढ पाचाची. पासंग सहाचा. मापाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

"नऊ जणींचे आकडे दोन्ही वेळा जवळजवळ सारखे आहेत हो," वैभवी बोलत होती. "एक सात नंबरच वेड्यासारखा. पहिल्यांदा भलीमोठी लाट, दुसऱ्यांदा जेमतेम. तिच्या एकटीमुळे सगळं बिघडलं."

"मंग काढून टाक ना तिले!" सोजरबाईच्या तोंडून निघून गेलं.

"असं कसं काढू, काकू? आवडला नाही म्हणून आकडा फेकून दिला, तर मग मी मोजलं कशाला? मशीन कधीकधी असं चुकत असेल, तर ते मला लिहावंच लागेल."

"बराबर बोलून राह्यली पोरगी," जगदेव म्हणाला. तो उठला, हात धुतला, टेबलावरची टॉवेलची गुंडाळी उलगडली आणि टॉवेल खुंटीला टांगला. रागानं नाही. दिवस संपल्यावर मापारी काटा झाकून ठेवतो, तितक्या शांतपणे.

सोजरबाई पिठाचे हात तसेच घेऊन खुंटीकडे बघत बसली. ओरडला असता तर तिनंही आवाज चढवला असता.

सात नंबर कोण, हे तिला फोनवरच कळलं होतं. रात्री नाही, पार दुसऱ्या दिवशी दुपारी, वावराच्या धुऱ्यावर बसल्यावर तिनं स्वतःशी ते नीट कबूल केलं. तिच्या टोळीच्या इमानामुळे तिच्याच नवऱ्याचा हात जायची वेळ आली होती. हे कोणाला माहीत होतं? तिला, हेमलाला, नीताला. तिघी गप्प बसल्या तर विषय संपला. सांगितलं तर? वैभवी म्हणणार, खेड्यातल्या बायांवर भरवसा ठेवला हीच चूक. मुकादमीण म्हणून अकरा वर्षं कमावलेलं नाव एका दुपारी पाण्यात. आणि जगदेवला कळलं तर? एकदा एका व्यापाऱ्याच्या माणसानं तोललेलं पोतं काट्यावरून उतरवून तिथं दुसरं चढवलं होतं, तेव्हा या माणसानं अख्खा बाजार डोक्यावर घेतला होता. त्याच्या घरात, त्याच्या बायकोनं तेच केलं होतं.

तिला रडू आलं. ती चांगली पाच मिनिटं रडली, पदरानं नाक पुसलं आणि हेमलाच्या घराकडे चालू लागली.

"दोघी बी चला. आत्ताच्या गाडीनं."

"कोठी?"

"मार खायाले."

केंद्रात वैभवी एकटीच होती, समोर आकड्यांचे कागद पसरलेले. दारात तिला दोन हेमला दिसल्या. एक हिरव्या साडीतली, एक जांभळ्या. तिनं डोळे मिटून पुन्हा उघडले.

"ताई," सोजरबाई उभ्या उभ्याच म्हणाली, बसली असती तर धीर सुटला असता. "तुहं मशीन खोटं नाई. म्या खोटी हाय. पयल्या खेपेले हे हेमला होती. दुसऱ्या खेपेले तिची बहीन धाडली म्या. आमच्यात डोकं कमी पडू देत नाई ना वं... मले वाटलं, दहा भरले म्हंजे झालं."

वैभवीच्या लक्षात काय आलं कोण जाणे, ती ताडकन उठली, पण सोजरबाईकडे नाही, नीताकडे आली.

"तुम्हाला फिट येते का? कधी आली होती? डोक्याचं काही ऑपरेशन? दिवस गेलेत?"

"नाई म्याडम, काईच नाई," नीता घाबरून म्हणाली.

"काकू, तुम्हाला समजतंय का काय केलंत?" आता ती वळली. "तो कागद मी हौस म्हणून भरून घेत नाही. यांना फिट येत असती आणि माझ्या हातून यांना खुर्चीत झटका आला असता तर? मी काय तोंड दाखवलं असतं?"

हे सोजरबाईच्या मनातही आलं नव्हतं. ती डोकी मोजत बसली, आणि डोक्याच्या आत काय असेल याचा विचारच नाही. आता मात्र ती खाली बसली. "चुकली वं माय," एवढंच तिला बोलता आलं. तिनं कोणाची माफी मागितलेली टोळीतल्या बायांनी कधी पाहिली नव्हती. हेमला आणि नीता भिंतीकडे बघत उभ्या राहिल्या.

वैभवीनं पाण्याचा ग्लास आणला, तिला दिला, स्वतःही एक प्यायली. कागद ओढले. सात नंबरच्या दोन लाटा शेजारी शेजारी ठेवून बघत बसली. एकदा जांभळ्या साडीकडे, एकदा हिरव्या. आणि हळूहळू तिच्या ओठांचे कोपरे वर जाऊ लागले.

"मी ओळखलं नाही," ती म्हणाली. "समोर बसवून, तब्येत विचारून, टोपी घालून मी ओळखलं नाही. यानं ओळखलं." तिनं मशीनवर थाप मारली. "चार दिवस मी याला शिव्या देतेय, आणि हे बिचारं मला ओरडून सांगतंय, की बाई, हा दंड तो नाही!"

हेमलाला आधी हसू फुटलं. मग नीताला. दोघींचं हसणं इतकं सारखं होतं की वैभवीनं कपाळावर हात मारला.

तिनं तिथूनच आपल्या सरांना फोन लावला आणि घडलं ते जसंच्या तसं सांगितलं, स्वतःची चूकसुद्धा, की दुसऱ्या दिवशी ओळख पटवून घेतली नाही. सर तिला पुष्कळ बोलले. ते तिनं ऐकून घेतलं. शेवटी ठरलं ते असं, की सात नंबर अभ्यासातून बाहेर, कारण तिथं माणूसच बदललं होतं, आणि तसं अहवालात स्पष्ट लिहायचं. उरल्या नऊ.

"आता नऊ जणींचा पासंग काढते. बसा."

सोजरबाईनं हात जोडून धरले होते, देवापुढे धरतात तसे. वैभवीनं आकडे पुन्हा भरले. वेळ लागला नाही, पण सोजरबाईला तेवढ्यात अख्खं वावर निंदून झाल्यासारखं वाटलं.

"दोन," वैभवी म्हणाली. "पासंग दोन खुणांचा. काकांची वाढ पाचाची."

"म्हंजे माल भरला?"

"भरला, काकू. पासंग काढूनसुद्धा भरला."

सोजरबाईनं त्या पोरीच्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.

नवऱ्याला सांगणं बाकी होतं. ते तिनं घरी गेल्या गेल्या उरकलं, चप्पल काढायच्या आधी. सगळं सांगितलं, हिरव्या साडीसकट. जगदेव ऐकत होता. त्याच्या कपाळाची शीर फुगली.

"दुसरं पोतं चढोलं? तू? माह्या घरात?"

"हाव."

"बावीस वर्षं म्या..."

"हाव, मालूम हाय. बोला काय बोलाचं ते. पन पयले हे आयका. पासंग दोन, वाढ पाच."

जगदेवनं तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं. ओठ हलले, मापाऱ्याचे ओठ, आकडा मनात दोनदा म्हणून बघणारे. मग तो इतका हसला की शेजारची गोमतीबाई भिंतीवरून डोकावली.

"आबे, काटा पक्का हाय मंग! पोतं बदलाची चोरी पकडली त्यानं. मले असा काटा बाजारात पाह्यजे होता."

सोजरबाईला रुसायचं की हसायचं ते कळेना. तोवर त्यानं डाव्या हातानं खुंटीवरचा टॉवेल काढला होता, गुंडाळला होता आणि टेबलाशी बसला होता.

त्यानंतर टॉवेल सुटला नाही. सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास. तूर सोंगून झाली, हरभऱ्याला घाटे धरले. गुंडाळी आधी वीतभर सरकली, मग हातभर. एक दिवस टेबलावरून खाली पडली, तेव्हा जगदेवनं ती उचलायला कोणाला हात लावू दिला नाही. पण रिकामी गुंडाळी वेगळी आणि सोजरबाईचा हात वेगळा.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, शिळ्या तिळगुळाला दोघंही कंटाळलेली, म्हणून तिनं ज्वारीच्या भाकरी आणि वांग्याची भाजी केली होती. जगदेवच्या तीन भाकरी झाल्या. चौथी घेऊन तिचा हात ताटावर आला.

"पुरे," तो म्हणाला.

"सारा मंग माहा..."

तिचं वाक्य पुरं झालं नाही. त्याचा हात ताटावरून उठला, थरथरत, कोपर उघडत पुढं आला आणि तिच्या मनगटाला लागून तिथंच थांबला नाही. त्यानं तिचा हात मागं सारला. चार बोटं. पण सारला.

सोजरबाई भाकर हातात धरून बसून राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं तिला सुचलं नाही. जगदेवही आपल्या हाताकडे असा बघत होता, जसा तो दुसऱ्या कोणाचा आहे.

मग तिनं नाक ओढलं, पाट जागच्या जागी नीट सरकवला, ताट होतं तिथंच ठेवलं, आणि तीच भाकर पुन्हा त्याच्या ताटावर धरली.

"अवं, आता काहून?"

"एकदा झालं तं काय झालं? तेच ताट, तीच भाकर, तोच मानूस. दुसऱ्यांदा तोला."

जगदेवनं श्वास घेतला, ओठ घट्ट केले आणि हात उचलला. हात तेवढाच पुढं आला, आणि भाकर मागं गेली.